एकाच लॉटची तीन भावंडं

विनू, परवा तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवण जेवून माणसं "ताई, तब्येतीला जपा हं" म्हणत दारातल्या ढिगात आपापल्या चपला शोधायला लागली, तेव्हा मला एकदम हसू आलं. सगळ्या काळ्या चपला एकात एक मिसळलेल्या आणि कुणाला आपली जोडी सापडेना. तू असतास तर कपाळावर हात मारून म्हणाला असतास, "घ्या, लॉट मिक्स झाला." मीना माझ्याकडे बघत होती, म्हणून हसू गिळलं. तुझ्या बायकोसमोर तेराव्याला हसणारी नणंद म्हणून नाव काढायचं नव्हतं मला.

तुला एक सांगायचं राहिलंय. चार वर्षं राहिलंय. मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले आणि ते सुधारायच्या आत तू गेलास. मी, तुझी मोठी बहीण, जिने छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासून, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, तिने ही चूक केली. पेपरात तुझ्या निधनाची चौकट आली ना, ती छापायला जाण्याआधी मीच वाचली. तुझं वय एका वर्षाने जास्त पडलं होतं. ते सुधारलं. 'दुःखद' नीट आहे की नाही तेही पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण विसर्ग दिसला. सवय जात नाही. बाकी कधी जन्मलास, कुठे नोकरी, मागे कोण कोण, ते सगळं तिथे आलंय. इथे पुन्हा लिहीत नाही.

तू दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागलास तेव्हा आईने आळीभर सांगितलं, "आमचा विनू दारूच्या फॅक्टरीत लागला." दोन दिवस शेजारणी तिच्याकडे इतक्या दयेने बघत होत्या, की शेवटी दादाने घरोघर जाऊन खुलासा केला. दादा कुठलंही काम मन लावून करायचा. तिसऱ्या दारापर्यंत पोचेस्तोवर त्याने तुला तोफांचा मुख्य करून टाकलं होतं. तू होतास मार्किंगमध्ये. पेट्यांवर स्टेन्सिल धरून काळा रंग मारणारा. नंतर वाढत वाढत त्या विभागाचा मुख्य झालास, पण मी तुला शेवटपर्यंत 'पेटीवरचा पेंटर' म्हणत राहिले. चिडायचास, पण उलट बोलायचा नाहीस. मी पाच वर्षांनी मोठी, आणि दादा माझ्याहून तीन.

तुझं काम काय असतं ते मला कळलं छापखान्यातल्या एका रद्दी प्रुफाच्या पाठीवर. फॅक्टरीतून टाचणीसुद्धा बाहेर आणता येत नसे, म्हणून तू माझ्या हातातलं पेन घेऊन एक गोल काढलास. म्हणालास, हे काडतुसाचं बूड. इथे कारखान्याची खूण, इथे वर्ष. हे ठशाने पितळेतच उमटवतात, पुसलं जात नाही. पेटीवर पूर्ण लॉट नंबर: कुणी केलं, कधी केलं, कितवा लॉट. मी म्हटलं, एवढ्यासाठी माणूस पगारी ठेवतात? तेव्हा तू मला मास्तरासारखा शिकवायला लागलास. एक काडतूस म्हणजे एक वस्तू नसते, ताई. पितळेची केस असते, बुडाशी पेट घेणारी टोपी असते, आत दारू, पुढे गोळी. प्रत्येकाचा वेगळा लॉट असतो. सगळं एकाच दारूचं, एकाच बनावटीच्या टोप्यांचं, एकाच पद्धतीने भरलेलं असेल तर त्याला एक लॉट म्हणायचं. म्हणजे कसं, की त्यातलं एक जसं वागेल तसंच दुसरं वागेल असं धरून चालायचं.

"आणि नाही वागलं तर?" मी विचारलं होतं.

"तर नंबर बघायचा, रजिस्टर काढायचं, आणि त्या नंबरच्या पेट्या जगात जिथे कुठे असतील तिथे कुलपात टाकायच्या. हात लावायचा नाही. आधी बाकीच्या बाजूला काढायच्या, मग चूक कुणाची ते बघायचं. नंबर कुणाला शिव्या द्यायला नसतो. बाकीच्यांना वाचवायला असतो."

तो कागद अजून माझ्या बिबवेवाडीच्या घरात आहे. एका बाजूला कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ, 'आपली उपस्तिथी प्रार्थनीय', आणि दुसऱ्या बाजूला तुझं काडतुसाचं बूड. 'उपस्तिथी'वर माझी लाल खूण आहे. तुझ्या बाजूला खूण करण्यासारखं काही नव्हतं.

प्रूफ हा शब्द आपल्या दोघांत सामाईक निघाला याचा तुला केवढा आनंद. तुमच्याकडेही लॉट बाहेर जाण्याआधी प्रूफ करतात म्हणे. पेट्यांमधून ठरल्याप्रमाणे सॅम्पल काढायचं, ते झाडून बघायचं, नीट चाललं की लॉट पास. मग कुणाच्याही घरी गेलं की "आम्ही दोघंही प्रूफवाले" अशी ओळख करून द्यायचास. मी मात्र त्यावर वाद घातला होता. माझ्या प्रुफात तपासलेलं पान उरतं रे. चूक सापडली तर सुधारून तेच पान छापायला जातं. तुझ्या प्रुफात तपासलेली गोळी संपते. जी चांगली होती अशी शंभर टक्के खात्री पटली, ती शिल्लकच नाही, आणि जी पेटीत शिल्लक आहे ती कुणीच तपासलेली नाही. ती नुसती दुसरीच्या भरवशावर चांगली. तू म्हणालास, "बरोबर. मग सगळ्याच झाडून बघू का? सगळ्या एकदम पास होतील आणि सैन्याला रिकाम्या पेट्या पाठवू." हा वाद मी हरले होते. तेव्हा.

दुसरा एक वाद मात्र तसाच राहिला. मी विचारलं होतं, गोळीवरून ती करणाऱ्यापर्यंत पोचता येतं, हे समजलं; पण ती ज्याला लागली त्याच्यापर्यंत कुठल्या रजिस्टरातून पोचायचं? चहाचा कप खाली ठेवलास. म्हणालास, "ते रजिस्टर आमच्याकडे नसतं, ताई." मला वाटलं, आता बोलशील. उठून कप विसळायला गेलास. पुढे कधी तरी विचारू म्हणून मी ठेवून दिलं.

तुझं ते लॉटचं वेड घरात घुसलं त्याला मीना साक्षी आहे. मी मेतकूट करून पाठवायचे. एकदा जुनं तळाशी उरलं होतं, त्यात नवं ओतलं आणि बरणी भरून तुझ्याकडे दिली. एक घास खाऊन तू बरणी पुढे सरकवलीस. "दोन लॉट एकत्र केलेत."

"मेतकूट आहे ते. बाँब नाही."

"उद्या खवट निघालं तर जुनं खवट की नवं, कसं सांगणार? तळाशी उरलेलं वेगळ्या डब्यात ठेवायचं आणि वर लिहायचं, शिल्लक. मिसळ फक्त खायची असते, ताई. करायची नसते."

मी त्या दिवशी तुला जेवायला मिसळच केली, हे तुला आठवत असेल. तीन वेळा तर्री मागून घेतलीस आणि फरसाण एकाच पाकिटातलं आहे ना, अशी चौकशी केलीस. असा तू चावट.

आणि मंडई? तुझ्यासोबत मंडईत जायचं म्हणजे आम्हाला शरमेने मान खाली घालायची तयारी ठेवावी लागे. तू आंबेवाल्यासमोर उभा राहून त्याला विचारलंस, "ही पेटी एकाच बागेची का? एकाच दिवशी भरलेली?"

तो म्हणाला, "साहेब, आंब्यांचे जन्मदाखले घरी राहिले. उद्या आणतो."

दादा इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग त्या माणसाने एक आंबा कापून फोड पुढे केली. खाऊन बघा, म्हणाला. फोड मधासारखी होती. मी पिशवी पुढे केली तर तू माझा हात धरलास. "एका सॅम्पलवर लॉट पास करत नाहीत. आणि सॅम्पल त्याने काढायचं नसतं, आपण काढायचं." तू पेटीत हात घालून तळाचा एक काढलास, त्याला तो कापायला लावलास, आणि तोही गोडच निघाला. आंबेवाला म्हणाला, "झालं का समाधान? का बाकीच्यांचीही मुंज लावू?" दादाने तुझ्या पाठीत धपाटा घातला. आपण तिघं एकत्र मंडईत गेलो ते शेवटचं. त्याच वर्षी दादा गेला.

दादा कसा गेला ते आपण दोघांनी पाहिलं. छातीपासून पाठीपर्यंत कळ, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं. डॉक्टरांनी आपल्याला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी असते, तिला फुगवटा आला होता, तो फाटला. वडील कसे गेले, विचारलं. बाबाही असेच गेले होते, जेवणाच्या पाटावरून उठताना. तेव्हा सगळे 'हार्ट' म्हणाले आणि विषय मिटला. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात उतरतं. तुम्ही दोघं आणि पुढची मुलं, प्रत्येकाने टू-डी इको करून घ्या. दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. वेळेत सापडलं तर औषध आहे, ऑपरेशन आहे. न सापडलं तर काही नाही.

बाहेर येऊन तू पायरीवर बसलास आणि म्हणालास, "म्हणजे आपण एकाच लॉटचे." मी म्हटलं, "मग तुझा नियम काय सांगतो?" तू म्हणालास, "कुलूप. लॉट रोखायचा, सॅम्पल तपासायचं." म्हणालास खरं, पण माझ्याकडे न बघता. तू घाबरला होतास, विनू. मीही घाबरले होते. आपण दोघं त्या पायरीवर बसून दादासाठी रडलो, पण त्यातलं थोडं रडणं आपापल्यासाठी होतं, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

दोन महिने गेले. तू जाईनास. मीना सांगून थकली, तुझी लेक मुक्ता सांगून थकली. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी आधी करून यायचं. मग मोठी बहीण करून आली म्हटल्यावर तुला लाज वाटेल. बिबवेवाडीतच एका ठिकाणी नाव नोंदवलं. सकाळी दहा वाजता जाऊन बाकावर बसले. माझ्या आधी एक गृहस्थ आत गेले, माझ्याच वयाचे. बाहेर आले तेव्हा हातात रिपोर्टचं पाकीट होतं आणि ते आपल्या बायकोला म्हणत होते, "आता घरी कुणाला काही सांगू नकोस." बस्स. एवढंच वाक्य. मी उठले, कोपऱ्यावर उसाचा रस प्यायले आणि घरी आले.

दुपारी तुझा फोन. "गेलीस का?"

"गेले होते. सगळं नॉर्मल आहे. आता तू जा."

असं मी म्हटलं, विनू. एकाही अक्षराला न अडखळता. मनात म्हटलं, आठवड्याभरात खरंच जाऊन येऊ आणि हे खोटं मागाहून खरं करून टाकू. तोवर तू लाजेने गेलेला असशील. दोन्ही कामं होतील. छापून गेल्यावर प्रूफ वाचू म्हणणाऱ्याला मी छापखान्यात काय काय बोलले असते, ते तुला माहीत आहे.

आणि तू फोनवर मोठ्याने श्वास सोडलास. तो मला अजून ऐकू येतो. मग हसलास. "वा! सॅम्पल पास. लॉट सोडला."

मी म्हटलं, "असं नसतं. तू तुझी कर."

"अगं, त्यासाठीच तर सॅम्पल असतं."

मी म्हटलं, "मंडईत काय सांगत होतास? एका सॅम्पलवर लॉट पास करत नाहीत म्हणून?"

"तो आंबेवाला होता. तू माझी ताई आहेस. तू आयुष्यात चुकीचं काही पुढे जाऊ दिलं आहेस का?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. तरी मी सोडलं नाही हेही लक्षात घे. दर राखीपौर्णिमेला, दर भाऊबीजेला मी तुझ्यामागे लागले. ओवाळणीत काही घालू नकोस, तेवढी इको करून ये, म्हटलं. तू दर वेळी तेच म्हणालास, सॅम्पल पास आहे, ताई. एकदा, फक्त एकदा, म्हणालास, "तुझा तो रिपोर्ट दाखव बघू, आकडे काय आहेत." मी म्हटलं, कपाटात कुठेतरी आहे. तू मान हलवलीस. ज्या माणसाने सहीशिवाय एक पेटी हलू दिली नाही, त्याने माझा रिपोर्ट तोंडी मान्य केला. तुलाही तो खरा हवा होता, हे मला समजतं. पण तो देणारी मी होते. आणि इको करायला मी तेव्हाही गेले नाही. आधी गुडघा होता, मग मोतीबिंदू, मग पाऊस. खरं कारण ते पाकीट.

तुझ्या त्या दुपारचं मीनाने मला किती वेळा सांगितलं असेल. जेवण झालं, बडीशेप तोंडात टाकलीस आणि म्हणालास, पाठीत काहीतरी फाटल्यासारखं वाटतंय. तिला वाटलं पित्त. तिने थंड दूध दिलं. मग रिक्षा, मग सिंहगड रोडची ती रांग. रिक्षावाला उतरून पुढच्यांना हात जोडत होता म्हणे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला असं काही? मीना म्हणाली, "मोठे दीर असेच गेले. पण नणंदेचं तपासलंय, त्यांचं नॉर्मल आहे." त्यांनी ते लिहून घेतलं. लिहून काय होणार होतं, वेळच उरली नव्हती, असं ते नंतर म्हणाले, आणि ते खरंच असेल. पण माझं खोटं तुझ्या केसपेपरवर गेलं, विनू. तुझ्या शेवटच्या कागदावर. तो कागद मी पाहिला. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत आणि एक ही.

गेले पंधरा दिवस मी तुझंच काम करते आहे. मागे मागे जाते आहे. रिक्षा लवकर मिळाली असती तर. दूध न देता निघाली असती तर. तुला रागावून, हाताला धरून नेलं असतं तर. प्रत्येक धागा ओढत मी मागे जाते आणि प्रत्येक वेळी उसाच्या रसाच्या त्या गाड्यापाशी येऊन थांबते. तुझं रजिस्टर किती चोख होतं रे. कुठल्याशा लांबच्या ठाण्यावरून एकदा तक्रार आली होती, कुठून ते तू सांगितलं नाहीस. नुसता नंबर आला आणि तू अर्ध्या तासात दिवस, पाळी, यंत्र सगळं काढून दिलंस. चूक तुमच्या विभागाची नव्हती, तरी निकाल लागेपर्यंत तू चार दिवस जेवला नव्हतास. मी तेव्हा चेष्टा केली. म्हटलं, उपास करून काय गोळ्या सुधारणार? आता मला घास गिळवत नाही आणि माझी चेष्टा करायला कुणी नाही.

परवा चपलांचा घोळ मिटून सगळे गेल्यावर मुक्ता तुझे शर्ट घड्या घालून ठेवत होती. मी तिला म्हटलं, "आता तू इको करून घे, बाळा."

"आत्या, प्लीज. मला आत्ता हे नकोय. ऑफिसमध्ये आधीच सुट्ट्या झाल्यात." मग थोड्या वेळाने, तुझ्याच आवाजात, "आणि तुझे रिपोर्ट नॉर्मल होते ना? बाबा म्हणायचे, सॅम्पल पास आहे. मग मी कशाला टेन्शन घेऊ?"

विनू, ते मी तिच्या तोंडून ऐकलं. तुझी लेक तुझ्याच शब्दावर, म्हणजे माझ्याच खोट्यावर, निर्धास्त बसली होती. मी न सांगता मेले असते तर ते तिच्याकडून तिच्या मुलांकडे गेलं असतं. तुझं वाक्य आठवलं, आधी बाकीच्या बाजूला काढायच्या. मी खुर्चीचा हात धरून खाली बसले आणि म्हटलं, "मुक्ता, मी तपासणी केलीच नव्हती."

"म्हणजे?"

"दारापर्यंत गेले होते. घाबरून परत आले."

तिने हातातला शर्ट उलगडला, परत घडी घातली, परत उलगडला. "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाईल काढला, काहीतरी टाइप केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या साडेदहाची अपॉइंटमेंट घेतलीये. आधी तू. आणि रिपोर्ट मी हातात घेणार. तोंडी नको." स्वयंपाकघराच्या दारात मीना उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी.

काल गेलो. बाकावर मुक्ता माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा पायांना तीच जुनी ओढ, बाहेरची. मुक्ताने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले. खरंच दुखत नाही. डाव्या कुशीवर झोपायचं, छातीला गार काहीतरी लावतात आणि पडद्यावर आपलं हृदय लुकलुकताना दिसतं. एवढंच. एवढ्यासाठी.

मुक्ताचं ठीक आहे. आधी हे लिहायला हवं होतं, माफ कर. तिचं आत्ता ठीक आहे, पण दर काही वर्षांनी बघत राहायचं. तिने मान हलवली आणि तारीख लिहून घेतली. हस्ताक्षर तुझं आहे तिचं, आकडे छापल्यासारखे.

माझं नापास. मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा आहे. आज लगेच काही करायचं नाही, गोळ्या घ्यायच्या, दर सहा महिन्यांनी मोजायचं, वाढला तर पुढचं बघायचं. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या, घाबरू नका म्हणत होत्या. मी म्हटलं, "हे नवीन आहे का?" त्या म्हणाल्या, "असं बहुतेक हळूहळू होतं. बऱ्याच दिवसांचं असणार." मी विचारलं, "चार वर्षांपूर्वी दिसलं असतं?" मुक्ता माझ्या शेजारी बसली होती. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. त्या म्हणाल्या, "नक्की नाही सांगता येत. पण दिसलं असतं, बहुतेक."

सॅम्पल नापास होतं, विनू. पहिल्यापासून नापास होतं. मी तो अर्धा तास बाकावर बसून राहिले असते तर तुला फोनवर खरं सांगावं लागलं असतं, आणि तू त्याच संध्याकाळी रांगेत उभा असतास. तू स्वतःसाठी गेला नसतास कदाचित, पण नापास लॉट मोकळा सोडणारा माणूस तू नव्हतास.

परतताना रिक्षात मुक्ता मधे पर्स ठेवून बसली. माझ्या दारापाशी उतरवताना म्हणाली, "गोळ्या वेळेवर घे. मी रोज विचारणार आहे." मायेने म्हणाली की हिशेब ठेवायचा म्हणून, ते मला कळलं नाही. मी घेतली आज सकाळची. तिला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "फोटो पाठव." गोळ्यांच्या पाकिटातल्या रिकाम्या घराचा फोटो काढून पाठवला. तुझीच लेक.

तुझे आभार मानायचे होते, ते कुठे मधेच राहून गेले. तुझ्यामुळे मी आत्ता गोळ्या घेते आहे. तुझ्यामुळे ती पोरगी तपासणीच्या यादीत आली. तू गेलास आणि तुझ्या नियमाने बाकीचे बाजूला काढले गेले, तपासले गेले. लॉटमधल्या तिघांपैकी मी एकटी उरले, तीही नापास, आणि जिवंत. ह्याला काय म्हणायचं ते तुझ्या रजिस्टरात असेल तर मला माहीत नाही.

छापून, बांधून, वाटून झालेल्या पुस्तकात चूक सापडली की आम्ही एक लहानशी चिठ्ठी छापून आत चिकटवत असू. शुद्धिपत्र. मी अशी शेकड्याने लिहिली असतील. दुसऱ्यांच्या चुकांची. आज माझी लिहिते.

चार वर्षांपूर्वी दुपारी, फोनवर, 'गेले होते, सगळं नॉर्मल आहे' असं जे म्हटलं, त्याऐवजी 'दारातून परत आले रे, मला फार भीती वाटली, माझ्यावर जाऊ नकोस, तू आजच जा' असे वाचावे.

वाच ना रे, विनू.